गुणांची पारख आणि पारख्यांचे हित

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाय दिसतात हे खरे. ते किती मजल मारतील, हे मात्र पाळण्यात दिसत नाही. या दोहोंमधील अंतर मोजण्याचा जेवढा अट्टहास अमेरिकेतील बेसबॉलने केला आहे, तेवढा अन्य खेळांनी क्वचितच केला असेल. तेथे स्काऊट म्हणून ओळखली जाणारी पारखी माणसे शाळकरी मुलांच्या मागे गावोगाव हिंडतात, त्यांची धाव घड्याळावर मोजतात, आणि मुलगा विसाव्या वर्षी काय करील याविषयी सोळाव्या वर्षीच लिहून ठेवतात. एवढे करूनही अंदाज चुकतात. त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. खेद वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांनी पारख करावयाची, त्यांचाच तिच्या निष्कर्षात आर्थिक हितसंबंध गुंतलेला असेल, तर त्या पारखीवर विश्वास कोणी आणि का ठेवावा? जॅरेड केल्निक या तरुण खेळाडूच्या प्रकरणाने हा प्रश्न २०२१ मध्ये चव्हाट्यावर आणला, आणि त्याचे पूर्ण उत्तर अद्यापि मिळालेले नाही.

केल्निक हा आउटफिल्डचा, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू. अशा खेळाडूकडून पाच गुणांची अपेक्षा असते. चेंडू अचूक टोलावणे, तो जोराने दूर धाडणे, वेगाने धावणे, झेल घेणे आणि लांबून अचूक फेकणे हे ते पाच गुण होत. स्काऊट प्रत्येक गुणाला २० ते ८० या श्रेणीत अंक देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडूची पातळी. यांतील धाव आणि फेक ही मोजता येते. परंतु ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने येणारा, शेवटच्या क्षणी वळणारा चेंडू ओळखून टोलावणे हा जो पहिला आणि सर्वांत मोलाचा गुण, त्याचेच मोजमाप सर्वांत अवघड आहे. मायनर लीगमध्ये जे चेंडू समोर येतात त्यांवर धावा जमविणारा तरुण, त्याहून सरस पिचरसमोर उभा राहिल्यावर काय करील, हे तो उभा राहीपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. पारखीतील हा अंधार प्रामाणिकपणे मान्य करणे ही या व्यवसायाची पहिली अट असावयास हवी.

विस्कॉन्सिन राज्यातील केल्निकची निवड २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने सहाव्या क्रमांकावर केली आणि त्याला ४५ लाख डॉलर दिले. त्याच वर्षाअखेर रॉबिन्सन कॅनो व एडविन डियाझ यांच्या बदल्यात तो सिएटल मरिनर्सकडे गेला. २०१९ मध्ये मायनर लीगच्या तीन पायऱ्या एका हंगामात चढताना त्याने ०.२९१ ची सरासरी राखली आणि २३ होमरन मारले. १००० पैकी २९१ वेळा यशस्वी फटका, असा या सरासरीचा अर्थ. पुढचे वर्ष कोविडच्या साथीचे. मायनर लीगचा तो संपूर्ण हंगाम रद्द झाला. म्हणजे होतकरू खेळाडूंच्या याद्यांत त्याचे नाव अग्रभागी झळकत होते, तेव्हा वरच्या पायरीवरील त्याचा अनुभव जेमतेम काही आठवड्यांचा होता.

अशा स्थितीत फेब्रुवारी २०२१ मध्ये मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर यांचे रोटरी क्लबपुढील एक भाषण सर्वांसमोर आले. केल्निकला दीर्घ मुदतीचा करार देऊ केला होता, तो त्याने नाकारला, आणि संघातील तरुण खेळाडूंना वर आणताना त्यांच्या सेवाकालाचा हिशेब मनात असतो, अशी कबुली त्या भाषणातून मिळाली. करारावर सही केली असती तर आपल्याला २०२० मध्येच संधी मिळाली असती, असे केल्निकच्या बाजूने सांगण्यात आले. हूलिओ रॉड्रिगेझ या डॉमिनिकन खेळाडूच्या इंग्रजीविषयीही मॅथर यांनी अनुदार उद्गार काढले होते. भाषण बाहेर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना राजीनामा द्यावा लागला.

सेवाकालाचा हा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण सगळी मेख त्यातच आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर त्याच्या संघाचा हक्क असतो. नंतर तो मुक्त होतो आणि बाजारात आपली किंमत मागू शकतो. हंगाम साधारणतः १८७ दिवसांचा असतो आणि त्यांपैकी १७२ दिवस संघात काढले की एक वर्ष भरते. साहजिकच, हंगामाच्या आरंभी एखाद्या गुणी तरुणाला सुमारे दोन आठवडे खाली डांबून ठेवले, की संघाला त्याच्या उमेदीचे एक पूर्ण वर्ष जवळजवळ फुकटात मिळते. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटला २०१५ मध्ये असेच १७ एप्रिलला वर आणण्यात आले. त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी पडला. त्याने दाद मागितली, आणि २०२० मध्ये लवादाने ती फेटाळली. ‘अजून तयारी व्हावयाची आहे’ हे वाक्य उच्चारणाऱ्याचे पोट नेमके त्या वाक्यावरच भरत असेल, तर ते वाक्य पारख्याचे की सावकाराचे, हे कसे ओळखावे?

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण घटनांनी त्यालाही बळ दिले आहे. केल्निकला ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पायरीवर केवळ ६ सामने खेळवून १३ मे २०२१ रोजी मेजर लीगमध्ये आणले गेले. दुसऱ्या दिवशी त्याने होमरन मारला आणि सिएटलमध्ये आनंदीआनंद झाला. त्यानंतर मात्र तो सलग ३९ वेळा अपयशी ठरला. जूनमध्ये त्याला परत खाली धाडले तेव्हा त्याची सरासरी ०.०९६ होती. त्या वर्षाअखेर ती ०.१८१ झाली, आणि २०२२ मध्ये ०.१४१. म्हणजे तो तयार नव्हता, हे मरिनर्सचे म्हणणे शब्दशः खरे ठरले, असे कोणी म्हणेल.

ते खरे ठरले हे कबूल. परंतु निकाल बरोबर आला म्हणून न्याय झाला असे होत नाही. याच मरिनर्सने इव्हान व्हाइट या खेळाडूशी, तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नसताना, २०१९ च्या अखेरीस सहा वर्षांचा २ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. २०१९ चा हंगाम त्याने डबल-ए या खालच्या पायरीवर काढला होता. तरी सही होताच २०२० मध्ये मेजर लीगचे दार त्याला उघडले गेले. त्याचे क्षेत्ररक्षण नामांकित ठरले, पण फलंदाजीची सरासरी ०.१७६ वर अडकली. सही करणारा तयार ठरला आणि न करणारा तयार ठरला नाही; मैदानावर मात्र फलंदाज म्हणून दोघेही तयार नव्हते. याचा अर्थ एवढाच, की तयारीची परीक्षा जेथे घ्यावयास हवी तेथे घेतलीच गेली नव्हती. कागदावर सही आहे की नाही, हे पाहून दिलेला निर्णय योगायोगाने बरोबर आला, तरी त्याला पारख म्हणता येणार नाही.

या व्यवहाराचा दुसरा दोष असा, की त्यात पहिल्या अपयशालाच अंतिम निकाल मानण्याकडे कल असतो. वस्तुतः या खेळाचा इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. विली मेज १९५१ मध्ये मिनिॲपोलिसच्या मायनर लीग संघाकडून ३५ सामन्यांत ०.४७७ ची सरासरी राखून न्यूयॉर्क जायंट्सकडे आला. लाडका खेळाडू नेल्याबद्दल जायंट्सच्या मालकांनी मिनिॲपोलिसच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन तेथील रसिकांची क्षमा मागितली. आणि हा मेज पहिल्या २६ प्रयत्नांत केवळ एकदा यशस्वी झाला! व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्याला धीर दिला, मधल्या आउटफिल्डची जागा त्याचीच राहील असे सांगितले; पुढे त्याचे ६६० होमरन झाले. माइक ट्राऊटची निवड २००९ मध्ये पंचविसाव्या क्रमांकावर झाली. ज्या एंजल्स संघाने त्याला घेतले, त्याच संघाने त्याच्या अगोदर, चोविसाव्या क्रमांकावर, रँडल ग्रिचक हा दुसरा आउटफिल्डर घेतला होता. ट्राऊटची पहिल्या ४० सामन्यांतील सरासरी ०.२२० होती, दुसऱ्याच वर्षी, २०१२ मध्ये, तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला.

मेज आणि ट्राऊट हे असामान्य, त्यांचे दाखले सर्वांना लागू नाहीत, असे म्हटले जाईल. तर मग जो अडेलचे उदाहरण घ्यावे. हाही आउटफिल्डर, हाही एकेकाळी याद्यांच्या अग्रभागी. २०२० मध्ये एंजल्सकडून खेळू लागला तेव्हा त्याची सरासरी ०.१६१ होती. त्या ऑगस्टमध्ये एक झेल त्याच्या ग्लोव्हला लागून कुंपणापलीकडे गेला आणि चूक म्हणून प्रतिपक्षाला चारही तळ बहाल झाले. त्याची यथेच्छ टवाळी झाली. तथापि २०२४ मध्ये हाच अडेल क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लोव्ह पुरस्काराच्या अंतिम तिघांत होता, आणि २०२५ मध्ये त्याने ३७ होमरन मारले. एकविसाव्या वर्षी जो हसण्याचा विषय होता, तो सव्विसाव्या वर्षी संघाचा आधार झाला. केल्निकची गाडी मात्र रुळावर आली नाही. अपयशाच्या संतापात २०२३ मध्ये त्याने पाण्याच्या पिंपाला लाथ मारली आणि स्वतःचे पाऊल मोडून घेतले. पुढे तो अटलांटाकडे गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा ट्रिपल-एमध्ये पोहोचला. दोघांच्या गुणांची पारख एकाच वेळी, जवळजवळ एकाच शब्दांत झाली होती. वाटा निराळ्या झाल्या त्या पुढे.

या गैरव्यवहाराला आळा घालण्याचा एक प्रयत्न मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतील मार्च २०२२ च्या कराराने केला, हे नमूद केले पाहिजे. होतकरू खेळाडूला हंगामाच्या पहिल्या दिवसापासून संघात ठेवले आणि तो वर्षातला सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, तर संघाला नव्या निवडीत एक जादा क्रमांक मिळू लागला. आणि नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोन क्रमांकांत आलेल्याला पूर्ण वर्षाचा सेवाकाल मिळू लागला. याचा पहिला लाभ कोणाला व्हावा? ज्याच्या इंग्रजीची हेटाळणी झाली होती त्या हूलिओ रॉड्रिगेझला मरिनर्सने २०२२ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळविले, तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, आणि २०२३ च्या निवडीत मरिनर्सला जादा क्रमांक मिळाला. संघ तोच होता. बदलले होते ते फक्त हिताचे गणित. यावरून पारख्यांच्या प्रामाणिकपणावर उपदेश करण्यापेक्षा त्यांचे हित योग्य जागी बांधणे अधिक उपयोगी पडते, असा बोध घेता येईल.

परंतु ही सुधारणा ज्यांची नावे याद्यांत आहेत त्या मूठभरांपुरतीच आहे. केल्निक करार नाकारू शकला, कारण त्याच्या गाठीशी ४५ लाख डॉलर होते. ज्याच्या गाठीशी काही नाही, त्याने काय नाकारावे? मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळण्याची तरतूद अमेरिकन काँग्रेसने २०१८ मध्ये एका अवाढव्य खर्च-विधेयकात घुसवली होती. २०१४ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड होण्यास २०२२ साल उजाडले. खेळाडू संघटित झाल्यावर, २०२३ च्या त्यांच्या पहिल्या सामूहिक कराराने, डबल-एमधील किमान वार्षिक वेतन १३,८०० वरून ३०,२५० डॉलर झाले. तोवर हजारो तरुणांनी आपली उमेदीची वर्षे अर्धपोटी काढली, आणि त्यांतील बहुसंख्यांना मेजर लीगचे मैदान कधी दिसलेच नाही. अंदाज संघाचा, आणि तो चुकल्यास भरपाई मात्र खेळाडूची, असा हा व्यवहार होता.

२०२२ च्या मेजर लीग कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. त्याच्या जागी येणाऱ्या कराराने एक गोष्ट निःसंदिग्धपणे करावयास हवी. खेळाडूच्या मुक्ततेचा काळ संघ त्याला वर आणील त्या दिवसापासून न मोजता, त्याच्या वयावरून किंवा त्याने पहिली सही केली त्या वर्षापासून मोजावा. तसे झाले तर त्याला खाली रोखण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही, आणि ‘अजून तयार नाही’ या वाक्याला प्रथमच त्याचा खरा अर्थ प्राप्त होईल. मग संघाला चूक करण्याचा हक्क असावा, खेळाडूला अपयशी होण्याचाही असावा. सोनाराने सोन्याचा कस लावताना चूक केली तर ती क्षम्य आहे. पण सोने आपल्यालाच स्वस्तात घ्यावयाचे म्हणून तो कसोटीवर हात जड ठेवू लागला, तर त्याच्या हातून कसोटी काढून घेणे हाच उपाय उरतो.