हॉर्मोन्सचा घोळ, पण नेमका कुठे?

पिंपल्स आले, पाळी लांबली, हनुवटीवर दोन केस दिसले, की हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्येच निदान होतं. ‘पीसीओडी असेल गं, माझ्या वहिनीलाही आहे!’ बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण क्वचित, अगदी क्वचित, हा उद्योग ओव्हरीतल्या एका गाठीचा असतो. सर्टोली-लायडिग सेल ट्यूमर हे तिचं भारदस्त नाव. (लायडिग आणि सर्टोली हे १९व्या शतकातले दोन शास्त्रज्ञ. त्यांनी वर्णन केलेल्या पेशी पुरुषांच्या वृषणातल्या. तशाच पेशी इथे बाईच्या ओव्हरीत वाढतात!) ओव्हरीच्या २०० गाठींत अशी जेमतेम एखादी. पण सापडते ती जास्त करून तिशीच्या आतल्या मुलींमध्ये. म्हणजे आपल्याच गँगमध्ये.

फरक ओळखायचा तो स्पीडवरून. पीसीओडी कॉलेजपासून रेंगाळत येतो. ही गाठ टेस्टोस्टेरॉन बनवत असेल, तर काही महिन्यांतच पाळी बंद, चेहऱ्यावर राठ केस, डोक्यावरचे विरळ आणि आवाज घोगरा. फोनवर लोक ‘सर’ म्हणायला लागले, तर पार्लरची अपॉइंटमेंट राहू द्या, गायनॅकची घ्या. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी, एवढ्यावरून बरंच कळतं.

आणि बॉईज, तुम्ही हसू नका. वृषणाच्या गाठींपैकी १ ते ३ टक्के लायडिग सेलच्या असतात. त्यातून ईस्ट्रोजेन वाढलं की छाती बाईसारखी भरते, सेक्समधला इंटरेस्ट जातो. छाती वाढण्याची इतर कारणं भरपूर आहेत; वजन, काही औषधं, जिममधली स्टेरॉइड्स. पण आपला पठ्ठ्या डॉक्टरकडे जाण्याऐवजी बेंच प्रेस वाढवतो, सैल शर्ट घेतो. गेलाच तर छाती दाखवतो, ‘खालचं’ सांगतच नाही! गाठ कधी कधी एवढी लहान असते, की हाताला लागत नाही, सोनोग्राफीतच दिसते. मोठ्या माणसांतल्या यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. ऑपरेशनमध्ये एक वृषण गेलं, तरी दुसरं चांगलं असेल तर सहसा दोघांचं काम करतं.

मुलींचंही तसंच. लवकर सापडली, तर बहुधा एकच ओव्हरी काढावी लागते. पाळी परत येते, पुढे मूलही होऊ शकतं. केस हळूहळू कमी होतात. घोगरा झालेला आवाज मात्र बऱ्याचदा तसाच राहतो.