तांबेकरांचा वाडा आणि आपण

परवा शिकवणी आटोपून रावपुऱ्यातून परतत असता बरोबरच्या विद्यार्थ्याने एका जुन्या, उंच घराकडे बोट दाखवून विचारले, "गुरुजी, हे घर कोणाचे हो?" मुलगा बडोद्यातच जन्मलेला, रोज त्याच वाटेने येणारा-जाणारा. त्याला उत्तर दिले; पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

ते घर म्हणजे तांबेकरांचा वाडा. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. गादीवर तेव्हा गणपतराव महाराज. या चौमजली वाड्याच्या भिंतींवर कृष्णचरित्रातील व महाभारतातील प्रसंग रंगविलेले आहेत आणि त्यांच्याच जोडीला इंग्रज-मराठ्यांच्या लढाईचे देखावेही. श्रीकृष्ण, पांडव आणि टोपीकर एकाच घरात नांदताहेत! त्या पिढीच्या मनात काय काय घोळत होते, हे यापेक्षा सरळपणे कोणती बखर सांगेल?

बडोद्याची कला म्हटली की आपण राजवाड्याकडे पाहतो. मौलाबक्षांची १८८६ सालची गायनशाळा, दरबारगायक फैयाजखाँसाहेब, हे वैभव खरेच. पण गवय्याला आश्रय दरबार देतो, तर कान घडवतात घरे. लाकडी तुळया, चुन्याची भिंत आणि अंथरलेली सतरंजी अशा खोलीत तंबोऱ्याची जोड जशी भरून राहते, तशी सिमेंटच्या उघड्याबोडक्या खोलीत राहत नाही. तेथे आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मी रोज अशाच खोलीत शिकवतो, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, हे आपले भाग्य. परंतु संरक्षणाला दुसरीही बाजू आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. नियमाचा हेतू उत्तम आहे. पण ज्याच्या घराला पावसाळ्यात गळती लागते, त्याला शेजारचा वाडा हा वारसा न वाटता अडचण वाटू लागतो. त्यातून जागेला मोल आलेले, भाऊबंदकीत वाटे पडलेले. अशा माणसाने जुने घर विकले, तर त्याला करंटा म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? त्याचे कौले शाकारण्याचे पैसे आपण दिले नाहीत.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. जुनी घरे टिकावीत असे ज्यांना वाटते, त्यांनी भार वाटून घ्यावा. नगरपालिकेने अशा घरांना करात सूट द्यावी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मिळवून द्यावेत. कारण चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. दुरुस्तीच्या परवानगीसाठी घरमालकाला एकट्याने खेटे घालावे लागू नयेत.

आणि आपण शिक्षकांनी? वाड्यात मैफली भरवा असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उष्णतेने चित्रे बिघडतील. पण पाच-सहा मुले घेऊन तेथे जावे, चित्रे दाखवावीत, आणि नंतर जवळच्या एखाद्या जुन्या घरात, मालकाच्या संमतीने, तासभर तंबोरा छेडावा. एवढ्याने त्या घरालाही कळेल की आपले कोणी आहे.

माझ्या विद्यार्थ्याने विचारले, घर कोणाचे? मी दिवाणांचे नाव सांगितले. आता वाटते, उत्तर अपुरे राहिले. "तुझेही," असे म्हणायला हवे होते. पुढच्या रविवारी त्याला आत घेऊन जाणार आहे.