चौघांच्या नावाची गाणी

‘आर.ई.एम.’ हा बँड १९८८ मध्ये विकला गेला आणि १९९७ मध्ये संपला, असं मानणारे रॉकप्रेमी पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखी ‘मर्मर’च्या काळातलं तेवढं अस्सल, पुढचं सगळं बाजारासाठी. मला हे दोन्ही आक्षेप चुकीचे वाटतात आणि दोन्हींच्या मुळाशी एकच चूक दिसते. बँडचं स्वातंत्र्य रेकॉर्डवर छापलेल्या कंपनीच्या नावात शोधलं गेलं. चौघांनी आपापसांत पाळलेल्या नियमांकडे कुणी पाहिलंच नाही.

आधी विकले जाण्याचं बघू. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये, वाढदिवसाच्या पार्टीत, ५ एप्रिल १९८० रोजी हे चौघे पहिल्यांदा लोकांपुढे वाजवायला उभे राहिले. १९८३ च्या ‘मर्मर’ला ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी ‘थ्रिलर’च्याही वर, वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. कॉलेजांची रेडिओ केंद्रं आणि अखंड दौरे यांच्या जोरावर ‘आय.आर.एस.’ या छोट्या कंपनीकडून पाच अल्बम निघाले. पण अमेरिकेबाहेर ते नीट पोचत नव्हते, आणि १९८८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे जाण्यामागे हे एक मोठं कारण होतं. आपलं गाणं दूरवर ऐकलं जावं असं वाटणं हा गुन्हा कधीपासून झाला?

विकला गेलेला बँड खपलेली चाल पुन्हा पुन्हा घोटतो आणि गावोगाव फिरून वसुली करतो. यांनी १९८९ चा दौरा संपवल्यावर थेट १९९५ पर्यंत दुसरा दौराच काढला नाही, आणि नेमके त्याच काळात त्यांचे सर्वांत गाजलेले अल्बम आले. ‘लूझिंग माय रिलिजन’ पीटर बकच्या हातात नव्याने आलेल्या मेंडोलिनवर उभं आहे. त्याला रूढ अर्थाचं ध्रुपदही नाही. रेडिओवर हमखास चालेल असं गाणं कुणी मागितलं असतं, तर हे त्याच्या मनातही आलं नसतं. १९९२ चा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ तर मृत्यू आणि वियोग यांचाच अल्बम आहे. लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सने त्यातल्या काही गाण्यांसाठी तंतुवाद्यांची रचना केली. त्या वर्षी सिएटलच्या कर्कश गिटारचा बाजार तेजीत असताना हा अल्बम इतका संथ, इतका उघडा राहिला, यातच त्याचं धैर्य आहे.

आता त्या नियमांकडे येतो. गाणं कुणाचंही असो, रचनाकार म्हणून चौघांची नावं वर्णानुक्रमे जात: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. उत्पन्नाचे वाटे समान आणि नकाराचा हक्क प्रत्येकाला. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ बव्हंशी ड्रमर बिल बेरीचं आहे, तरी ते चौघांच्या नावावर आहे. मानधनाच्या वाटपावरून कितीतरी बँड कोर्टात गेले; या चौघांत तो कज्जा उभाच राहिला नाही. माझ्या मते मायकल स्टाइपच्या आवाजाइतकाच हाही त्यांचा वारसा आहे.

दुसऱ्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे रंगमंचावरच मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने बेरी कोसळला. तो बरा झाला, पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडला. ‘माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही,’ अशी त्याची अट होती. पुढचा काळ चढउताराचा गेला. २००४ चा ‘अराउंड द सन’ निस्तेज आहे. त्याची वकिली मी करणार नाही. पण त्या एका अल्बमवरून चौदा वर्षं रद्द ठरवणं अन्याय आहे. ‘अप’मध्ये ड्रमर गमावलेले तिघे ताल यंत्रांकडून घेतात आणि ती पोकळी झाकत नाहीत, ऐकू देतात. २००८ चा ‘ॲक्सेलरेट’ घाईत, रागात, नेमका वाजतो. बेरीच्या जागी ड्रमर वाजवायला आले, पण बँडचा चौथा सदस्य कुणालाही केलं नाही.

२१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी बँड विसर्जित केल्याचं जाहीर केलं आणि निरोपाचा दौरा काढला नाही. पुनर्मीलनाच्या दौऱ्यात अमाप पैसा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जून २०२४ मध्ये गीतकारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला तेव्हा ते एकत्र वाजवायला उभे राहिले, ते एकाच गाण्यापुरते. १९८८ मध्ये विकले गेलेले लोक तिथेच थांबले असते का, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावं. तो सन्मानही चौघांचा होता, सत्तावीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या बेरीसकट.