हेलिकॉप्टर, वेल्डर आणि आपली मुले

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवून स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर तयार केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना मागच्या छोट्या पंख्याचे पाते तुटून मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्याचा जीव गेला. शाळा अर्ध्यावर सुटलेला, हुन्नरावर पोट भरणारा कारागीर तो. आमच्या भंडारा जिल्ह्यातही असे हात कमी नाहीत, म्हणून ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही.

तो मागचा पंखा कशाला लागतो? वैनगंगेत डोंग्यातून बांबूने काठ ढकलला की डोंगा उलट सरकतो. तसेच इंजिन मोठा पंखा एका बाजूला फिरवते, तेव्हा हेलिकॉप्टरचे धड उलट फिरू पाहते. शेपटीचा पंखा त्याला आवरतो.

यावर दुसऱ्या वाटाही निघाल्या. १९५३ साली उडालेल्या फ्रान्सच्या ‘जिन’ हेलिकॉप्टरमध्ये दाबलेली हवा पात्यांच्या टोकांतून सोडली जाई. तुषार सिंचनाचा फवारा पाण्याच्या जोराने गरगरतो, तसा पंखा फिरे आणि धडाला उलट पीळ बसत नसे. पण इंधन फार जाई. आता विजेच्या मोटरी आल्या. पिकांवर फवारणी करणाऱ्या ड्रोनचे निम्मे पंखे उजवीकडे, निम्मे डावीकडे फिरतात. पीळ आपसांत फिटतो. अडचण एकच, बॅटरी जड असते आणि लवकर उतरते.

अमेरिकेच्या ‘नासा’चे १.८ किलोचे ‘इंजेन्युइटी’ १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडाले, ते अशाच उलटसुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांवर आणि उन्हाने भरणाऱ्या बॅटरीवर. आधी पृथ्वीवर, विरळ हवेच्या बंद दालनात, त्याच्या चाचण्या झाल्या. ७२ उड्डाणांनंतर जानेवारी २०२४ मध्ये त्याचीही पाती मोडली. पण तिथे कोणाचा जीव गेला नाही.

फरक बुद्धीचा नव्हता. फुलसावंगीच्या पोराजवळ माप घेणारा, ‘थांब, आधी दूर उभा राहा’ म्हणणारा जाणकार नव्हता. ऐकले-पाहिले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण यंत्रालाही लागू आहे.

बंधू-भगिनींनो, घरातला मुलगा किंवा मुलगी पंखे-मोटरी उघडून बसत असेल तर रागावू नका. त्यांना आयटीआयची वाट दाखवा. विहारातल्या रविवारच्या बैठकीला एखाद्या शिकलेल्या फिटरला बोलवा. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, ते आपली लेकरे जगावीत आणि मगच उंच उडावीत म्हणून.