धावणाऱ्याच्या कमरेचे पिस्तूल

‘आमची मुलगी टेक्सासमध्ये असते. पहाटे एकटी धावायला जाते. आता पिस्तूल जवळ बाळगावे असे तिच्या मनात आहे. तिला काय सांगावे?’ असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. आरोग्याच्या सदरात शस्त्राची चर्चा काहींना विसंगत वाटेल. पण व्यायामाच्या वेळी अंगावर जे जे वागवले जाते, त्याचा विचार येथे व्हायलाच हवा.

तिची भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मेम्फिस शहरात पहाटे धावायला निघालेल्या एलायझा फ्लेचर या शिक्षिकेचे अपहरण होऊन तिची हत्या झाली. मात्र याच विषयाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात धावत असलेल्या अहमौड आर्बेरी या तरुणाचा, तो चोर असावा अशा संशयावरून, सशस्त्र माणसांनी पाठलाग केला आणि त्यांतील एकाने त्याला गोळ्या घातल्या. त्यांचा दावाही स्वसंरक्षणाचाच होता. ज्युरीने तो फेटाळला.

आधी अधिकाराचा प्रश्न. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेक पात्र व्यक्तींना परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. पण ‘पात्र’ या शब्दापाशी आपल्याकडच्या अनेक कुटुंबांनी थांबावे. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ अशा अस्थायी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक काय किंवा काडतुसे काय, ताब्यात ठेवण्यास तेथील केंद्रीय कायद्याची मनाई आहे. ग्रीन कार्डधारकास ती नाही. ताबा म्हणजे केवळ मालकी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही. मैत्रिणीकडे सुटीला जाताना बॅगेत विसरलेले पिस्तूल तेथे गंभीर गुन्हा ठरू शकते.

मुलगी पात्र असेल, तर पुढचा विचार शरीराचा. भरलेले लहान पिस्तूलही अर्धा किलोच्या आसपास भरते. पाच किलोमीटरच्या धावेत पाच हजारांच्या आसपास पावले पडतात आणि दर पावलाला ते वजन हिसका देते. धावण्याच्या तलम विजारीच्या खिशात, किल्ल्या आणि फोनच्या सोबतीने ठेवलेले पिस्तूल म्हणजे अपघाताला आमंत्रण. चापाभोवतीचे कडे पूर्णपणे झाकणारे, कडक साच्याचे होल्स्टर आणि ते घट्ट धरून ठेवणारा रुंद पट्टा, एवढे तरी हवेच. नुसत्या लवचिक कापडाच्या पट्ट्यात कापडावरूनही चाप दाबला जाऊ शकतो. नवा पट्टा आणल्यावर आधी रिकामे पिस्तूल लावून घरातच उड्या माराव्यात, वाकावे, जमिनीवर बसून उठावे. ते सरकत असेल तर पट्टा बदलावा. धावताना ते निसटलेच, तर हवेत झेलू नये. झेलणारी बोटे नेमकी चापावर पडतात. वाटेतल्या स्वच्छतागृहात ते काढून कठड्यावर ठेवणे हा तर विसरण्याचा राजमार्ग! घामाने पोलाद गंजते, म्हणून धाव संपल्यावर ते पुसणे आलेच.

याहून अवघड गोष्ट शरीराच्या आत घडते. जोरात धावणाऱ्याचे हृदय मिनिटाला दीडशेच्या घरात ठोके देत असते, छाती भात्यासारखी हलत असते. त्यात भीतीची भर पडली की बोटांच्या बारीक हालचाली ढिसाळ होतात आणि नजर एकाच बिंदूवर खिळते. निवांत उभे राहून कागदी लक्ष्यावर नेम साधणाऱ्या व्यक्तीने आपण तयार आहोत असे समजू नये. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की २१ फुटांवरचा माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो. कपड्याखालचे पिस्तूल काढायला तेवढा अवधीही पुरत नाही. मग कानांत इअरफोन असतील तर? मला विचाराल, तर दोन्ही कान मोकळे ठेवणे, रोजची वाट व वेळ बदलणे आणि सोबतीने धावणे हे पिस्तुलाच्या आधीचे उपाय आहेत. पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रीलाही ते सुटत नाहीत.

पण या प्रश्नात सर्वाधिक विसरली जाणारी बाब निराळीच आहे. पिस्तूल तासभर धावते आणि उरलेले तेवीस तास घरात असते. धावून आलेली व्यक्ती घामेजलेली, दमलेली असते. पट्टा सोडून खुंटीला अडकवते आणि अंघोळीला जाते. तेवढ्यात चार वर्षांचे मूल खुर्ची ओढू शकते. म्हणून दारातून आत येताच, पाण्याचा घोट घेण्याआधी, पिस्तूल कुलूपबंद पेटीत गेले पाहिजे. रोग नियंत्रण केंद्राच्या नोंदींनुसार २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. घरातील कुणी नैराश्यातून जात असेल, किशोरवयीन मूल अबोल झाले असेल, तर पिस्तूल काही काळ घराबाहेर ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तो संकोच न बाळगता मानावा.

तेव्हा या भगिनींनी मुलीला ‘घेऊ नको’ किंवा ‘घे’ असे काहीच सांगू नये. पेटी कुठे ठेवणार, ती उघडणार कोण, प्रशिक्षण कुणाकडे घेणार आणि सराव किती दिवसांनी करणार, हे विचारावे. सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे जाणार असाल, तर जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: धुण्याच्या ढिगात किंवा सोफ्यावर तो पट्टा दिसला तर त्याला हात न लावता, मुलांना दुसऱ्या खोलीत नेऊन, मुलीला हाक मारायची.