बंदुकीशिवाय राहता येत नसेल, तर ते घर नको



दशलक्षणातल्या फराळाचा लेख पुढच्या वेळी. आज आमच्या घरातलं भांडण तुमच्यापुढे ठेवतेय. गेले चार महिने ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे, आणि आता आणखी दोन घरांतून मला तोच प्रश्न आलाय: न्यू जर्सी सोडून टेनेसीला जावं का?

ह्यांचं काम आता घरूनच चालतं. धाकटे दीर आणि जाऊबाई नॅशव्हिलपासून तासाभरावर राहतात. इथे घराचा टॅक्स भरताना कंबर मोडते, तिकडे पगारावर राज्याचा आयकरच नाही. दिरांनी त्यांच्याजवळचं एक घर दाखवलं. बारा एकर जागा, ओढा, मागे रान. फोटो बघून मला माहेरचा मळाच आठवला. मग दीर सहज म्हणाले, “वहिनी, इथे एक हँडगन मात्र घरात ठेवावी लागते. शेरिफची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागतात.”

तिथून भांडण सुरू झालं. आणि त्यात मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात.

पहिली बाजू आमच्या मंदिरातल्या मैत्रिणींची. “तिथे जैन घर कसं टिकणार? लोक शिकार करतात, दुकानात कमरेला पिस्तूल लावून येतात.” हे खोटं नाही. टेनेसीत १ जुलै २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. शिकारीचा हक्क तर तिथल्या मतदारांनी २०१० साली राज्यघटनेतच घालून घेतला. हरणांच्या मोसमात भडक नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रानात दिसतात.

पण शेजाऱ्याच्या हातातलं पाप आपल्या वहीत लिहिलं जात नाही. आपण अमेरिकेत आलो तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर मांसाची दुकानं होतीच की. तरी आपण पाणी गाळलं, दिवस मावळायच्या आत जेवलो, मुलांना णमोकार शिकवला. आचार्य सुशीलकुमारांनी १९८३ साली सिद्धाचलम उभं केलं ते काही शहरात नाही, ब्लेअर्सटाउनच्या रानातच. गावाला आणि रानाला भिऊन जैन धर्म जगला असता, तर आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे एकही जैन शेतकरी उरला नसता. तेव्हा “बंदुकवाल्यांचं राज्य आहे, नको” एवढ्यावर मी नाही म्हणणार नाही. हा नुसता विटाळ झाला, त्यात विचार नाही.

दुसरी बाजू जाऊबाईंची. ती जास्त गोड आहे, म्हणून जास्त धोक्याची. त्या म्हणतात, “अहो ताई, गृहस्थाला विरोधी हिंसेची सूट आहे. कोणी घरात घुसलं तर प्रतिकार करायचा नाही का? शास्त्रच सांगतं.”

पाठशाळेत आपण हे चार प्रकार पाठ केलेत. चूल पेटवली, घर झाडलं, त्यात जीव मेला ती आरंभी. शेती-व्यवसायात होते ती उद्योगी. अंगावर आलेल्याला रोखताना होते ती विरोधी. आणि ठरवून, मनात धरून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, म्हणून तिथे ढिलाई आहे. संकल्पी मात्र श्रावकाने सोडायचीच.

आता जाऊबाईंना माझा एकच प्रश्न आहे. अंगावर संकट आलं आणि हातात सापडलं त्याने रोखलं, ती विरोधी. पण ओढा छान दिसतो म्हणून मुद्दाम असं घर निवडायचं, जिथे माणूस मारायची तयारी उशाशी ठेवल्याशिवाय झोप येणार नाही; मग दुकानात जाऊन गोळ्या घ्यायच्या, रविवारी माणसाच्या आकाराच्या कागदावर नेम धरायचा सराव करायचा; ह्यात टाळता न येण्यासारखं काय आहे? ती परिस्थिती आपण कर्ज काढून विकत घेतोय. जे विकत घेतलं त्याला नाइलाज म्हणू नका. सूट ही अडचणीसाठी असते, हौसेसाठी नसते. आणि अनर्थदंडात शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणं, म्हणजे हिंसादान, स्वतंत्र सांगितलंय. घरातली बंदूक कोणाच्या हाती लागेल हे मालकाला आधी कधीच ठाऊक नसतं.

एका भगिनीने मला लिहिलं, “आम्ही मोटेल चालवतो. रात्री काउंटरवर मी एकटी असते. दोनदा लुटलंय. तुला बोलायला काय जातं?” बरोबर आहे. तिच्यावर मी बोट उचलणार नाही. तिची भीती पोटासाठी रात्र जागण्यातून आलीय. आमची भीती बारा एकरांच्या हौसेतून येणार होती. तिचा नाइलाज उसना घेऊन आपला शौक झाकायचा नाही, एवढंच म्हणते.

आणि आपल्या घरांत बंदूक कधी नव्हतीच, असंही मी म्हणणार नाही. माझे आजोबा शिरोळकडच्या एका गावचे पाटील. त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. रानडुकरं उसात शिरली की ते हवेत बार काढायचे. आजीने मात्र लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, “बंदूक तुमची, काडतुसं माझी.” काडतुसं तिच्या पितळी डब्यात, डबा ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. आजोबांना बार काढायचा असेल तर आधी आजीला उठवावं लागे. आई सांगायची, एकदा भावकीच्या भांडणात आजोबा तांबारलेल्या डोळ्यांनी किल्ली मागायला आले. आजी म्हणाली, “आधी जेवा.” जेवण झालं, राग निवला, किल्ली कमरेलाच राहिली. तिने शास्त्र वाचलं नव्हतं. पण हिंसा प्रमादातून होते, आणि प्रमाद घटकाभराचा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या घटकेबद्दलच मला खरं बोलायचंय.

सगळ्यांची भीती बाहेरच्या माणसाची. आकडे वेगळं सांगतात. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतली २६,३२८, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्येने. व्हर्मॉन्टमध्ये पिस्तूल बाळगायला परवाना कधीच लागला नाही, तरी तिथे खून कमी होतात. पण तिथेही बंदुकीने जे मरतात, त्यांतले बहुतेक स्वतःच्याच हाताने. बंदूक ज्या चोरासाठी आणली तो बहुधा येतच नाही, आणि ती मात्र घरातल्यांच्या वाईट दिवसाची वाट बघत ड्रॉवरमध्ये पडून राहते.

आणि बायकांनो, हे नीट वाचा. कॅलिफोर्नियातला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या स्वतःच्या नावावर बंदूक नाही, पण जे हँडगनच्या मालकाबरोबर राहतात, त्यांचा खून होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून जास्त निघालं. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सातपट, आणि मरणाऱ्यांत बहुतेक बायका. “तुमच्या रक्षणासाठी आणतोय” असं आपल्याला सांगितलं जातं. रक्षण कोणाचं होतं, ते हे आकडे सांगतात.

पुढचं माझ्या मुलाला विचारून लिहितेय. तो सोळा वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात तीन महिने तो खोलीतून बाहेर पडत नव्हता. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचे, तसंच परत न्यायचे. एका रात्री त्याने मला उठवलं आणि म्हणाला, “आई, मला जगावंसं वाटत नाहीये.” आम्ही डॉक्टरांकडे गेलो, औषध घेतलं, समुपदेशन झालं. आज तो बरा आहे, काल माझ्याशी मिठावरून भांडला. त्या रात्री तो माझ्या खोलीपर्यंत चालत आला, कारण आमच्या घरात त्याच्यासाठी त्याहून सोपी वाट नव्हती. ज्यांचा प्रयत्न फसतो आणि जे वाचतात, त्यांतले बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक मात्र ती संधी फारच कमी जणांना देते.

दिरांच्या घरी पिस्तूल पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असतं, आणि ड्रॉवरला कुलूप नाही. हे मी जाऊबाईंना तोंडावर विचारलंय, पाठीमागे लिहीत नाही.

मग आम्ही काय ठरवलं? बारा एकरांचं घर नाही घ्यायचं. टेनेसी मात्र सोडलेलं नाही. त्याच काउंटीत गावातली लहान घरं बघतोय, जिथे शेजारणीला हाक ऐकू जाते. ओढा नसेल. टॅक्स वाचतो म्हणून उड्या मारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या, की तिकडे डाळ-तांदळावरही ४ टक्के राज्याचा सेल्स टॅक्स आहे, वर स्थानिक वेगळा. इथे किराण्यावर तो नाही.

ह्यांच्याशी माझं तीन गोष्टींवर ठरलंय. घरात बंदूक येणार नाही, पाहुण्याचीसुद्धा. ज्या घरी मुलगा राहायला जाईल तिथे मी आधी फोन करून विचारणार, “बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का?” आपण “जेवणात कांदा-लसूण आहे का” हे न लाजता विचारतो, मग हे विचारायला लाज कसली? आणि दिरांच्या ड्रॉवरला कुलूप बसेपर्यंत आमचा मुक्काम त्यांच्याकडे नाही, हॉटेलात. ह्यावर सासूबाई रागावल्यात. रागावू देत.

तुमच्या घरात ही चर्चा चालू असेल, तर राज्याचं नाव आधी बाजूला ठेवा. एजंटने घर दाखवलं की फक्त एवढं विचारा: ह्या घरात बंदुकीशिवाय आपल्याला झोप लागेल का? उत्तर “नाही” आलं, तर ते घर कितीही स्वस्त असो, तुम्हाला परवडणारं नाही.

आणि कोणाच्या घरात माझ्या मुलासारखा कोणी दार लावून बसला असेल, तर अमेरिकेत ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. शरम न बाळगता फोन करा. आधी तो फोन, मग बाकीचं सगळं.