हार घातला, आता यादी देऊ या



गेल्या रविवारी सकाळी आपले आमदार साहेब सोसायटीच्या हॉलमध्ये येऊन गेले. सध्या बंदीचे दिवस. ट्रॉलर जेटीला बांधलेले, होड्या वर ओढून झाकलेल्या, जाळी दुरुस्तीची कामं चालू. त्यामुळे सगळे गावातच होते आणि हॉल गच्च भरला. उशिरा आलेले बाहेर व्हरांड्यात छत्र्या घेऊन उभे राहिले. साहेबांना सरकारने एका महामंडळाचं अध्यक्षपद दिलंय, कॅबिनेट दर्जासह. ही बातमी आपल्या मतदारांना स्वतः सांगावी, पुढे काय करणार ते बोलावं, म्हणून ते आले होते. आपण शाल दिली, हार घातला, फोटो काढले. ते फोटो याच पानावर टाकले आणि त्यांना लाइकही भरपूर मिळाले.

फोटो टाकले, पण त्या दिवशी हॉलमध्ये जे झालं त्याबद्दल आम्ही काही लिहिलं नव्हतं. समितीत आठवडाभर त्यावर बोलणं झालं, थोडा वादही झाला. शेवटी ठरलं, सभासदांसमोर मोकळेपणाने मांडायचं.

आधी एक गोष्ट मान्य करू. साहेब स्वतः आले. पद मिळाल्यावर पणजीत जाऊन बसणारे आणि गावाकडे फक्त पोस्टर पाठवणारे पुढारी आपण पाहिलेत. हे आले, पाऊण तास बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते." हे त्यांच्या खात्यात जमा धरलंच पाहिजे.

मग विचारायला कोण कोण उठलं? आम्ही मोजलं. १४ जण उठले. त्यातल्या ११ जणांनी स्वतःचं काम सांगितलं. कुणाच्या मुलाला त्या महामंडळात चिकटवायचं होतं, कुणाच्या भाच्याची बदली हवी होती, कुणाचं अनुदानाचं कागद अडकलं होतं. दोघांनी फक्त अभिनंदन केलं. आणि शेवटी मागच्या रांगेतून मासळी विकणारी आपली एक मावशी उठली. ती म्हणाली, "बाब, पद मिळालं ते बरं झालं. पण जेटीवर आम्हा बायकांसाठी संडास कधी?"

हॉल हसला. साहेबही हसले. "बघतो मावशी," म्हणाले आणि सभा संपली.

आम्हाला लाज वाटतेय ती या हसण्याची. कारण हसणाऱ्यांत आम्ही, समितीचे लोकही होतो. आणि त्या ११ जणांत समितीचे दोघे होते, हेही लपवत नाही. पहाटे तीनला जेटीवर येऊन उजाडेपर्यंत टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने सगळ्या गावाच्या वतीने एक प्रश्न विचारला आणि आपण तो विनोदावर नेला. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांचं असं काम मागणारी ती एकटीच होती.

आता हे पद म्हणजे नेमकं काय, ते थोडं समजून घेऊ. मागणी करायची तर कुणाच्या हातात काय आहे ते माहीत हवं.

२००३ साली संविधानात ९१ वी दुरुस्ती झाली. तेव्हापासून राज्याच्या मंत्रिमंडळाला मर्यादा आहे: विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के, आणि लहान राज्यांत निदान १२ ची मुभा. आपल्या विधानसभेत ४० आमदार. म्हणून गोव्यात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त १२ मंत्री होऊ शकतात. उरलेल्या सत्ताधारी आमदारांना महामंडळं आणि मंडळं वाटली जातात. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, ही रीत जुनीच आहे. आपल्या साहेबांचं पद या वाटपातलं आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण ते मंत्रिपद नव्हे. कॅबिनेट दर्जा म्हणजे गाडी, मान, कार्यालय, कर्मचारी. त्याने मंत्रिमंडळाच्या बैठकीतली खुर्ची मिळत नाही. महामंडळाचे निर्णय संचालक मंडळ घेतं, रोजचा कारभार व्यवस्थापकीय संचालक म्हणजे सरकारी अधिकारी बघतो, आणि सरकारला वाटलं तर अध्यक्ष बदलता येतो.

आता आपली कामं बघा. नदीच्या तोंडावर वाळू साचते, भरती पाहून बोट काढावी लागते, चुकली तर उलटते. तो गाळ काढणं बंदर कप्तान खात्याकडे. बोटींची नोंदणी, परवाने, इंधनाची सवलत मत्स्योद्योग खात्याकडे. किनाऱ्यालगत रात्री घुसखोरी करणाऱ्या बोटींवर लक्ष ठेवायचं काम मत्स्योद्योग खातं आणि किनारी पोलिसांचं. १२ सागरी मैलांच्या पलीकडे केंद्र सरकार आणि तटरक्षक दल. किनाऱ्यावर शेड उभी करायची म्हटली तरी किनारी क्षेत्र प्राधिकरणाची परवानगी. म्हणजे आपल्या दुखण्यांपैकी जवळजवळ एकही त्या महामंडळाच्या कपाटात नाही.

मग हे पद आपल्या उपयोगाचं नाहीच का? आहे. पण ज्या कारणाने आपण टाळ्या वाजवल्या त्या कारणाने नाही. महामंडळाचा अध्यक्ष झाला तरी माणूस आमदार राहतो. मंत्री दुसऱ्या मंत्र्याला विधानसभेत प्रश्न विचारत नाही, अध्यक्ष असलेला आमदार विचारू शकतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, खात्याच्या मागण्यांवरची चर्चा, ही सगळी हत्यारं त्यांच्या हातात आजही आहेत. वर आता सचिवालयात त्यांचा फोन लवकर उचलला जातो. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर आपल्या जेटीचं काम पुढे सरकेल. भीती उलटी आहे. गाडी आणि दर्जा मिळाल्यावर माणूस विधानसभेत गप्प होतो, कारण सरकारला अडचणीत आणायला नको वाटतं. असं झालं तर आपल्याला एक अध्यक्ष मिळाला आणि एक आमदार गेला, असा हिशेब होईल. हीच गोष्ट साहेबांना स्पष्ट सांगायला हवी होती. आपण त्याऐवजी नोकऱ्या मागत बसलो.

काही सभासद म्हणतात, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? साहेब आपले आहेत, हळूहळू करतील." अहो, प्रश्न विचारणं म्हणजे वैर नव्हे. गोव्याच्या मच्छीमाराला तर हे कुणी शिकवायला नको. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी खरवडून न्यायला लागले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचे पुढारी माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. त्या वेळी त्यांच्याकडे ना गाडी होती ना दर्जा. वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, उपोषणं झाली आणि १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. माथानी आमदार आणि मंत्री झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. २०१२ च्या मार्चमध्ये मंत्रिपदाची शपथ घेतल्यावर काही दिवसांतच ते गेले. आज त्यांचं नाव निघतं ते त्या लढ्यासाठी. त्यांच्याकडे कुठलं खातं होतं हे आपल्यातल्या किती जणांना आठवतं?

आणि कायदा झाला म्हणून काम संपत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बंदी घातली. तरीही रात्री दर्यात दिवाळी दिसते, हे होडीवाला कुठलाही माणूस सांगेल. आपल्यातलेही काही जण त्यात आहेत, हे बोलायला जड जातं, पण खरं आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपण बोटी बांधून ठेवतो ते पोरवडा वाढावा म्हणून. आणि १ ऑगस्टनंतर तीच मासळी दिव्याखाली गोळा करून एका रात्रीत उचलली जाते. मग बांगडा कुठे गेला, तारली कुठे गेली, म्हणून डोक्याला हात लावायचा. बंदी लागू व्हायची तर गस्तीची बोट, तिला डिझेल आणि तीवर माणसं लागतात. ही मागणी करणं आमदाराचं काम आहे, आणि आमदाराला ती करायला लावणं आपलं.

मावशीच्या प्रश्नाकडे परत येऊ. जेटीवर संडास आणि प्यायचं पाणी ही लहान गोष्ट वाटते. २०२४ साली कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ पसरली आणि परराज्यातून आलेल्या खलाशांचे जीव गेले. गावाकडून पोटासाठी आलेली पोरं ती. तेव्हा सगळीकडे धावपळ झाली, पाहण्या झाल्या. आपल्या जेटीवर मात्र आजही तोच एक नळ आहे आणि संडासाला कुलूप. उद्या आपल्याकडे तसं घडलं तर कुणाचा कॅबिनेट दर्जा कामाला येणार आहे? त्या मावशीला हे कळतं, कारण रोज पहाटे ती तिथे असते.

म्हणून समितीने ठरवलंय. बोटी सुटायच्या आधी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, साहेबांना पुन्हा बोलवायचं. या वेळी हार नाही, एक पान द्यायचं. त्यावर पाचच कामं असतील:

१. जेटीवर बायकांसाठी आणि खलाशांसाठी वेगवेगळे, पाणी असलेले संडास, आणि प्यायच्या पाण्याची सोय.

२. नदीच्या तोंडावरचा गाळ दर वर्षी हंगामाआधी काढायचं नक्की वेळापत्रक. बोट उलटल्यावर यंत्रं आणून उपयोग नाही.

३. एलईडी आणि घुसखोरीविरुद्ध रात्रीची गस्त, आणि महिन्याला किती बोटी पकडल्या त्याची माहिती सोसायटीला.

४. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यूला ५ लाखांची भरपाई आहे. आपल्या प्रत्येक सभासदाची आणि खलाशाची नोंद त्यात झालीय का, ते गावात शिबिर घेऊन तपासायचं.

५. या चारही विषयांवर विधानसभेत प्रश्न. उत्तर काय आलं ते साहेबांनी याच हॉलमध्ये येऊन सांगायचं, दर सहा महिन्यांनी.

नोकऱ्या, बदल्या, अडकलेली कागदं यांचं काय? ज्याचं त्याने वेगळं भेटून सांगावं, आमची ना नाही. प्रत्येकाच्या घरात अडचण आहे, पोरं शिकून बसलीत, त्यांना दोष देता येत नाही. पण सोसायटीच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या नावाने साहेब आले की तिथे सगळ्यांचं काम आधी. एकाच्या पोराला नोकरी लागली तर एक घर खूश होतं आणि दहा घरं तोंड फिरवतात. नदीचं तोंड मोकळं झालं तर प्रत्येक बोट घरी परत येते.

साहेबांनाही या पानावरून सांगतो, कारण ते हे पान वाचतात. साहेब, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, "हे पद माझं नाही, तुमचं आहे." आम्ही शब्दाला धरून चालणारी माणसं. पद आमचं असेल तर त्याचा हिशेबही आम्ही मागणार. राग मानू नका. तुम्ही प्रश्न विचारा, उत्तरं घेऊन या, जमलं नाही तर का जमलं नाही ते तोंडावर सांगा. तेवढं केलंत तर पुढच्या वेळी हार आम्ही न सांगता आणू.

यादीचा कच्चा कागद सोसायटीच्या कार्यालयात ठेवलाय. काही राहिलं असेल तर येत्या शनिवारपर्यंत येऊन सांगा. सह्या तिथेच घेतोय. पहिली सही मावशीची झालीय. तिला लिहिता येत नाही म्हणून अंगठा उठवला आणि जाता जाता म्हणाली, "आता तरी हसू नका."

नाही हसणार, मावशी.



— आपली समिती